तार कधी तुटते?

“हिचा हातच जड हाय.”

मागच्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका दुपारी, आमच्या विहारामागच्या पत्र्याच्या खोलीत हे वाक्य बोललं गेलं आणि मी गप्प बसले. लेखाची सुरुवात मी या कबुलीनेच करते. बोलणाऱ्या मावशी आमच्यातल्याच. जिच्याबद्दल बोलल्या ती मुलगीही आमच्यातलीच. आम्हा चौघींत ती सगळ्यात लहान, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणतात. हातमागावर त्या दुपारची अकरावी तार तुटली होती. धाकटीने काही उत्तर दिलं नाही. खाली मान घालून ती तुटलेलं टोक शोधत राहिली. मी गप्प बसले, कारण मलाही मनातून तेच वाटत होतं.

मित्रहो, ही गोष्ट एका फसलेल्या कापडाची आहे. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्यात असं एक कापड फसलेलं असतं आणि कुणीतरी आपल्या हाताकडे बोट दाखवलेलं असतं. म्हणून सविस्तर सांगते.

आमचं गाव मेहकर तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात. बुलडाणा जिल्ह्याच्या भाषेत आम्ही घाटावरचे. विहारात एक छोटी अभ्यासिका चालते, तिचं काम मी बघते. जयंती असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन, पाहुण्यांच्या सत्काराला आम्ही बाजारातून पॉलिस्टरची शाल आणतो. घरी नेली की ती कपाटात जाते, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर पडते. गेल्या 14 एप्रिलला कुणीतरी म्हणालं, आपणच विणू या की शेले. पांढरे, सुती, दोन्ही बाजूंना निळा काठ. 14 ऑक्टोबरपर्यंत बारा शेले. बोलणं सोपं होतं.

एका प्रशिक्षण वर्गात मी आणि एक मावशी मागाचं काम शिकून आलो होतो. शिकून म्हणजे तयार लावलेल्या मागावर बसून धोटा मारायला शिकून. माग लावायला कुणी शिकवलं नव्हतं. नागपूरहून एक जुना झटका माग मिळाला. त्याचे सुटे भाग टेम्पोत घालून समृद्धी महामार्गाने मेहकरपर्यंत आले आणि विहारामागच्या खोलीत उभे राहिले. खोलीत सिमेंटची फरशी, वर पत्रे. जागा मोकळी होती, फुकट होती, म्हणून तीच निवडली. ती चूक पुढे आम्हाला महागात पडली.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कापडात दोन धागे असतात. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. ताण्याची प्रत्येक तार आधी वहीच्या एका डोळ्यातून आणि मग फणीच्या एका घरातून ओवावी लागते. पावडी दाबली की वही अर्ध्या तारा वर उचलते, अर्ध्या खाली राहतात, मधून धोटा जातो आणि हात्या ठोकला की बाणा जागेवर बसतो. आमच्या फणीत इंचाला वीस घरं, दर घरात दोन तारा. म्हणजे इंचाला चाळीस. शेल्याची रुंदी 24 इंच. हिशेब करा, 960 तारा. त्यातल्या काठाच्या 80 निळ्या, बाकी 880 पांढऱ्या. लांबी 28 मीटर. या 960 पैकी एक तार चुकली तरी ती शेवटच्या इंचापर्यंत चुकलेलीच राहते. कापड खोटं बोलत नाही.

पहिल्या दोन मीटरमध्येच आमचं सगळं अज्ञान त्या कापडावर उमटलं.

डाव्या काठापासून सात इंचांवर एक उभी फट दिसत होती. आम्हाला वाटलं धुतल्यावर भरून येईल. मग मोजलं, तेव्हा कळलं की फणीचं एक घर ओवताना कोरंच राहिलं आहे. उपाय एकच. त्या फटीपासून काठापर्यंतच्या सगळ्या तारा फणीतून काढायच्या आणि एकेक घर सरकवून पुन्हा ओवायच्या. सात इंच म्हणजे 280 तारा. दोन दिवस गेले.

मग कापड आकसायला लागलं. फणीत 24 इंच आणि विणून झालेलं कापड सव्वाबावीस. काठाच्या तारा आतल्या बाजूला ओढल्या जात, फणीच्या पात्यांवर तिरप्या घासत आणि तुटत. आम्ही सुताला नावं ठेवली. दुकानदाराला नावं ठेवली. नंतर लक्षात आलं की बाणा आम्हीच फार घट्ट ओढतोय, आणि विणलेलं कापड रुंदीत ताणून धरणारी, दोन्ही टोकांना टाचण्या बसवलेली बांबूची काठी आम्ही लावलेलीच नाही. ती काठी लावली. बाणा सरळ न ओढता थोडा कमानीसारखा सैल सोडायला लागलो. काठ सुधारला.

तिसरी अडचण गमतीची. निळा काठ चुणत होता. निळं सूत रंगवून आणलेलं, पांढरं दुसऱ्या दुकानातलं. दोघांचा ताण सारखा बसेना. पांढरं घट्ट, निळं ढिलं. शेवटी निळ्या तारा मागच्या बाजूला वेगळ्या काढल्या आणि त्यांना पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या लटकवल्या. बाटलीत पाणी कमी-जास्त करत नेमका ताण सापडला. दोन वेगळ्या सुतांना एकाच बीमवर एकाच ताणात बांधून ‘सारखं वागा’ म्हटल्याने ती सारखी वागत नाहीत, हे त्या बाटल्यांनी शिकवलं. निळ्या सुतात दोष नव्हता. त्याला त्याचं वेगळं वजन हवं होतं.

चौथी, मधल्या तारा ढिल्या. बीमवर ताणा गुंडाळताना थरांमध्ये काही घातलं नव्हतं, त्यामुळे वरचे धागे खालच्या थरांत रुतून बसले होते. सगळा ताणा उलगडला. चौघी एका रांगेत उभ्या राहिलो, धागे हातात धरले आणि दर फेऱ्याला मध्ये पुठ्ठा घालत तो पुन्हा गुंडाळला.

एवढं सगळं झालं. फट गेली, काठ सरळ झाला, ताण सारखा झाला. आणि तरीही तार तुटतच राहिली. कुठेही. कधी मधली, कधी काठाची. आता दोष द्यायला माग उरला नव्हता, सूत उरलं नव्हतं. मग माणूस उरला. मी सकाळी सात ते दहा विणायची, तेव्हा माग बरा चालायचा. धाकटी दुपारी एक ते चार बसायची आणि तार तुटायची. सरळ हिशेब वाटला. हात जड आहे.

दोन-तीन दिवसांनी गावातले एक वडीलधारे काका विहारात आले. मागाकडे बघून हसले आणि म्हणाले, “सोडा व पोरींहो. हे कोष्ट्यायचं काम. त्यायच्या रक्तातच असते ते. आपल्या लोकायले थोडंच जमते?”

काका वाईट नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे असतात. पण बघा, बाबासाहेबांची तसबीर घरात लावलेला माणूस सहजपणे काय बोलून गेला. कौशल्य रक्तात असतं. ते जातीत असतं. एकाच्या रक्तात असतं आणि दुसऱ्याच्या नसतं. जातिव्यवस्था याहून वेगळं काय सांगते? 1936 साली बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये मांडलं की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. ती विभागणी टिकते ती या ‘रक्तात असतं’ वर. आणि आमच्या खोलीत ती दोन पायऱ्यांनी उतरली होती. काकांनी आम्हा सगळ्यांच्या रक्ताला दोष दिला, आम्ही त्यातल्या त्यात धाकटीच्या हाताला.

काकांचं म्हणणं इतिहासालाही धरून नाही. विदर्भात, विशेषतः नागपूर, भंडारा, चांदा या भागात, महार समाज मोठ्या संख्येने जाडंभरडं कापड विणत होता. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात त्याची नोंद आहे. मग ते माग गेले कुठे? आपल्या लोकांनी आळसाने सोडले का?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर आणखी घट्ट बसली. 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली. 1870 मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. एवढ्या छोट्या फाट्यासाठी व्हाइसरॉय कशाला येतो? कापसासाठी. त्याच रुळांवरून कापूस बाहेर गेला आणि गिरणीचं स्वस्त कापड आत आलं. सूत कातणाऱ्या बायांचं काम गेलं, जाडंभरडं विणणाऱ्यांचं गेलं आणि विणकर शेतमजूर झाला. म्हणजे गावातला माग बंद पडला त्यालाही कारण होतं आणि ते रक्तात नव्हतं, रुळांवर होतं.

पुढे हाच माणूस गिरणीच्या दारात उभा राहिला. नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, मुंबईत तर गिरण्यांचं जाळंच होतं. मुंबईच्या गिरण्यांमध्ये आपल्या माणसाला सूतकताईच्या खात्यात घेत. जिथे पगार जास्त त्या विणाईच्या खात्यात, कामगारांच्या भाषेत साचाखात्यात, मज्जाव होता. कारण काय सांगत? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? एवढ्याशा भोकातून जात आत शिरली आणि हजारो कुटुंबांची भाकर अर्धी करून गेली. तिथेही म्हणत असतील, यांना विणकाम जमत नाही म्हणून. ज्याला धोट्याला हातच लावू दिला नाही, त्याचा हात जड की हलका हे ठरवलं कुणी?

1928 च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. संपाच्या मागण्यांमध्ये साचाखात्याचं दार उघडण्याची मागणी असलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. कामगारांच्या एकजुटीच्या गोष्टी करणाऱ्यांना हे दार तोपर्यंत दिसलं नव्हतं.

हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. अभ्यासिकेत मी पोरांना सांगतेही. आणि तरीही माझ्या समोर धाकटीचा हात जड ठरवला गेला, तेव्हा मी गप्प बसले. वाचलेलं अंगी लागायला कधी कधी माग लागतो.

दोन दिवस माग बंद राहिला. धाकटी आलीच नाही. तिच्या आईने सांगितलं, “ते म्हणते, मले नाही जमत, मी खराब करून ठेवते सारं.” पोलीस भरतीची तयारी करणारी, पहाटे सडकेवर धावणारी पोरगी हे बोलत होती.

माग विकत घेताना नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या एका वयस्क विणकराशी ओळख झाली होती. त्यांना आम्ही चाचा म्हणतो. मी त्यांना फोन लावला आणि सगळं रामायण सांगितलं. फणी, काठी, बाटल्या, पुठ्ठे. शेवटी म्हटलं, “चाचा, तरी तार तुटतेच आहे. एका मुलीच्या हाताने जास्त तुटते.” चाचांनी मुलीबद्दल काही विचारलंच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “तार कब टूटता बेटा? टाइम लिखो.”

कोण तोडतं, हे त्यांनी विचारलं नाही. कधी तुटते, हे विचारलं. आयुष्य मागावर गेलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न होता. बाबासाहेबांनी ज्या तीन गुरूंची नावं घेतली, त्यातले एक कबीर, आणि कबीर जातीने विणकर. फोन ठेवल्यावर मला ते आठवलं.

मी धाकटीच्या घरी गेले. माफी मागितली. म्हटलं, तू चल, आपण वही ठेवू. दोनशे पानी वहीत रकाने आखले. तारीख, वेळ, कुठली तार, मागावर कोण. तार तुटली की आधी वहीत लिहायचं, मग गाठ मारायची. पहिला आठवडा नेहमीसारखा चालवला. सहा दिवस. सकाळी मी, दुपारी धाकटी, दोघींचे तीन-तीन तास. माझ्या नावावर 14 तारा, धाकटीच्या नावावर 61. मावशींनी वही बघितली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. आकडे त्यांच्या बाजूने होते.

पण वहीने अर्धंच सांगितलं होतं. दुसऱ्या आठवड्यात मला पाळ्या बदलायच्या होत्या. सकाळी धाकटी, दुपारी मी. आणि इथे मला पहिल्यांदा समजलं की ती दुपारीच का बसते. सकाळी सात वाजता ती मोकळी नसते. मे महिन्यात आमच्या वस्तीत पाण्याला रांग लागते. तिची आई कामावर जाते, पाणी भरणं आणि भाकरी करणं तिच्याकडे. दुपारची पाळी तिने निवडली नव्हती, उरलेली वेळ तिच्या वाट्याला आली होती. मी सकाळी बसायची, कारण माझ्या घरी नळ आहे आणि भाकरी करायला वहिनी आहे. ही गोष्ट मी एकदाही विचारात घेतली नव्हती.

त्या आठवड्यात धाकटीच्या घरचं पाणी माझ्या भावाने भरलं. तेवढी सोय केल्याशिवाय आमची परीक्षा खरी होऊच शकत नव्हती.

सहा दिवसांनी वही उघडली. सकाळी धाकटीच्या हातून 11 तारा तुटल्या होत्या. दुपारी माझ्या हातून 58.

माझा हात एका आठवड्यात जड झाला होता. आणि धाकटीचा माझ्यापेक्षा हलका निघाला होता.

दोष दुपारचा होता. आता फक्त का, एवढंच शोधायचं होतं. वहीतली गोष्ट घरी सांगितली तेव्हा आई चुलीपुढे होती. आई मूळची भंडाऱ्याकडची. ती म्हणाली, “मा आजा उन्हायात दुपारचा माग लावेच नाही. पहाटी बसे. माग खड्ड्यात राहे, खड्ड्यात वल राहे. आजी भवताल पाणी शिपडे.” इतकी वर्षं आईने हे कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलं नव्हतं. तिला ते सांगण्याजोगं काही वाटतही नव्हतं. तिच्या मते ती घरातली साधी गोष्ट होती.

कापसाच्या धाग्याला ओल लागते. हवा दमट असली की सूत मजबूत आणि लवचिक राहतं. कोरड्या हवेत ते ठिसूळ होतं, त्यावरची खळ कडक होऊन झडते आणि घासलं की तुटतं. म्हणून जुने विणकर जमिनीत खड्डा खणून त्यात पाय सोडून बसत, ताणा जमिनीलगत ठेवत. खड्डामाग हा गरिबाचा नाइलाज नव्हता, ते हवामानाचं शास्त्र होतं. म्हणून तर टाटांना नागपूरच्या कोरड्या हवेत एम्प्रेस मिलमध्ये दमटपणा टिकवणारी यंत्रं बसवावी लागली. आणि आम्ही काय केलं होतं? विदर्भाच्या मे महिन्यात, सिमेंटच्या फरशीवर, तापलेल्या पत्र्याखाली माग उभा केला होता, आणि भर दुपारी तिथे एका मुलीला बसवून तिच्या हाताची परीक्षा घेत होतो.

मग उपाय सोपे होते. मागाखाली आणि बाजूंना ओली गोणपाटं. पत्र्यावर तुराट्यांचं छप्पर. फणीला गंज लागू नये म्हणून गोणपाट तिच्यापासून लांब. एक ते चार माग बंद. पाळ्या दोन, पहाटेची आणि संध्याकाळची, आणि कुणी कधी बसायचं ते घरच्या कामाची वाटणी बघून ठरवायचं. तारा तुटणं अगदी थांबलं नाही. ते कुठल्याच मागावर थांबत नाही. पण दिवसाला दोन-तीनवर आलं.

आता मूळ मुद्द्यावर येते.

आपल्या पोरांना रोज ‘मेरिट’चे टोमणे ऐकावे लागतात. कॉलेजात, वसतिगृहात, कार्यालयात. आकडेही समोर ठेवले जातात. याला इतके गुण, त्याला तितके. 14 आणि 61. आकडे खोटे नसतात. माझ्या वहीतलेही नव्हते. पण ज्या वहीत ‘वेळ’ हा रकाना नाही, ती वही 61 तारांचा दोष धाकटीच्या हाताला देणार आणि तिला न्यायही म्हणणार. कुणाच्या घरी नळ, कुणाच्या घरी रांग. कुणाला पहाट, कुणाला भर दुपार. प्रतिनिधित्वाची तरतूद म्हणजे काय, असं मला आता कुणी विचारलं तर मी भावाने भरलेल्या त्या पाण्याच्या हंड्यांची गोष्ट सांगेन. ती कुणावर केलेली मेहेरबानी नव्हती. तेवढं केल्यावरच दोन्ही हात एका वेळी, एका हवेत मोजता आले.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वही ठेवली नसती तर मी धाकटीची बाजू घेऊन भांडले असते, मावशी त्यांच्या मतावर राहिल्या असत्या, आणि माग बंद पडला असता. नुसत्या संतापाने तार जोडली जात नाही. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केलं की दुःख थांबतं, हा तथागतांचा मार्ग आहे. आपण तो वंदनेत म्हणतो आणि वस्तीतल्या पहिल्याच भांडणात विसरतो. कार्यक्रम फसला की कार्यकर्त्याला दोष. शाखा बंद पडली की अध्यक्षाला दोष. पोरगं नापास झालं की त्याच्या डोक्याला दोष. कधी, कुठे, कुठल्या परिस्थितीत तुटलं, हे लिहून ठेवणारी वही आपल्या किती संघटनांकडे आहे?

काही तरुण मित्रांनी मला विचारलं, “ताई, बाबासाहेबांनी परंपरागत धंदे सोडायला सांगितलं. तुम्ही उलट्या मागाकडे चाललात?” प्रश्न रास्त आहे. 1945 च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधींच्या चरखा-विचारावर केलेली टीका मी विसरलेले नाही. यंत्र नाकारणं म्हणजे गरिबाची फुरसत आणि शिकण्याची संधी नाकारणं, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. हातमागाचं कौतुक करणाऱ्यांनी मजुरीचा हिशेब मांडावा. आम्ही मांडला. शेला विणण्यापेक्षा निंदणीची रोजंदारी जास्त पडते. देशाच्या 2019-20 च्या हातमाग गणनेत 35 लाखांवर हातमाग कामगार मोजले गेले, त्यातल्या 72 टक्के बाया. त्यांच्या कमाईबद्दल 7 ऑगस्टच्या हातमाग दिनाच्या भाषणांत फारसं बोललं जात नाही. पोरांनो, शिक्षण सोडून मागावर बसा, असं मी चुकूनही सांगणार नाही.

पण 1928 हे साल नीट बघा. त्याच वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं. जन्माने लादलेली वेठ सुटावी, हा त्याचा हेतू होता. आणि त्याच वर्षी त्यांनी साचाखात्याचं दार उघडा म्हणून आग्रह धरला. एकीकडे बाहेर पडण्याचं दार, दुसरीकडे आत शिरण्याचं. यात विसंगती नाही. लादलेलं काम सोडता आलं पाहिजे आणि हवं ते काम शिकता आलं पाहिजे. दोन्ही मिळून माणूस मोकळा होतो. माग आपला की कोष्ट्याचा, हा प्रश्नच चुकीचा आहे. जो शिकेल त्याचा माग.

14 ऑक्टोबरला बारापैकी नऊ शेले तयार होते. तीन शेल्यांचा ताणा आमच्या शिकण्यात गेला. पहिला शेला फट असलेला, काठ चुणलेला. तो आम्ही कुणाला दिला नाही, अभ्यासिकेच्या भिंतीवर लावला आहे. त्याच्याखाली ती दोनशे पानी वही ठेवली आहे.

त्या मावशींनी नंतर धाकटीची माफी मागितली का? नाही. आपल्याकडे मोठी माणसं अशी माफी मागत नाहीत. पण जूनमध्ये एकदा संध्याकाळी त्यांच्या हातून लागोपाठ तीन तारा तुटल्या, तेव्हा त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “गोणपाट वाळलं वाटते,” आणि पाणी आणायला उठल्या. मला तेवढी माफी पुरेशी वाटली.

धाकटी आता मागावर बसत नाही. तिची भरतीची तयारी जोरात आहे. परवा सराव परीक्षेत गणितात कमी गुण पडले म्हणून रडवेली होऊन आली. मी काही बोलायच्या आत तिनेच बॅगेतून वही काढली आणि रकाने आखायला बसली. कुठलं गणित, किती वेळ लागला, कुठे अडलं.

तुमच्या वस्तीत, तुमच्या संघटनेत, तुमच्या घरात कुणाच्या तरी हातात तार तुटत असेल. त्याचा हात जड आहे असं कुणी म्हणालं, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. आणि नुसते भांडूही नका. वही काढा आणि पहिला रकाना वेळेचा ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!